दैव पाचवं, पाना तिसरा

पिकअप ट्रकच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग जायला लागलं की आधी आवाज येतो. वेगाबरोबर घरघर वाढते. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, आणि उजवं बेअरिंग खराब असेल तर ती घरघर आणखी मोठी होते. कित्येक जण हा टायरचा आवाज समजतात आणि नवे टायर घालून बसतात. मग कधीतरी चाक जॅकवर उचलून, वरून-खालून धरून हलवलं जातं. चाक डुगडुगतं आणि प्रश्न उभा राहतो: गॅरेजला न्यायचं की घरीच बदलायचं?

अमेरिकेत मिशिगन, ओहायोसारख्या राज्यांत या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा ‘घरीच’ असं असतं. गॅरेजची मजुरी महाग, घरापुढे गाडी उभी करायला काँक्रीटची जागा, कोपऱ्यात हत्यारांची पेटी. आजच्या बहुतेक पिकअपमध्ये बेअरिंग हबसकट सीलबंद येतं आणि मागच्या बाजूने तीन-चार बोल्टांनी नकलला, म्हणजे हब धरून ठेवणाऱ्या ओतीव भागाला, आवळलेलं असतं. चाक काढा, कॅलिपर आणि डिस्क काढा, एबीएसच्या सेन्सरची वायर सोडवा, फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर अ‍ॅक्सल नट काढा, बोल्ट सोडवा, नवा हब बसवा. कागदावर हे दुपारभराचं काम आहे. पण तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, मिठाने लोखंड गंजतं, आणि जुना हब नकलमध्ये इतका घट्ट चिकटतो की घणाचे घाव घालूनही हलत नाही. दुपारची संध्याकाळ होते. सकाळी कामावर जायचं असतं. अशा वेळी कधी जुनाच अ‍ॅक्सल नट परत वापरला जातो, कधी टॉर्क रेंच नसल्याने पाईप लावून अंदाजाने नट आवळला जातो. ‘चालून जाईल’ म्हणत गाडी खाली उतरते.

या ‘चालून जाईल’ला मराठी घरांत एक भारदस्त आधार सापडतो. आपण आपलं काम करावं, फळ आपल्या हाती नाही, असं गीतेने सांगितलंय ना? वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण दोन टनांहून जड गाडीचं चाक ज्यांनी आवळलं त्यांनी ते म्हटलं, तर ऐकणाऱ्याने त्या गाडीत बसू नये.

गीतेला मुळात हे म्हणायचंच नाही. अठराव्या अध्यायात सात्त्विक कर्म सांगताना फळाची इच्छा नसणं ही त्याची खूण दिली आहे. तिथून दोनच श्लोक पुढे तामस कर्म येतं, आणि त्याचं लक्षण काय? पुढे काय होईल, नुकसान किती, कोणाला इजा होईल का, आणि हे आपल्याला झेपेल का, यांतलं काहीही न पाहता मोहाने हात घातलेलं काम. म्हणजे फळाची इच्छा सोडायची, पण परिणामांचा विचार सोडला तर ते तामस! वरवर हा विरोध वाटतो. घरापुढे जॅकवर चढलेल्या त्या ट्रकपाशी तो उरत नाही.

फळ कुणाचं आणि परिणाम कुणावर, एवढंच पाहायचं. वाचलेली मजुरी, ‘मी स्वतः केलं’ ही शेखी, सकाळी वेळेवर कामावर पोचण्याची निकड ही करणाऱ्याची फळं. सुटलेलं चाक मात्र रस्त्यावर समोरून येणाऱ्याकडे जातं. आणि गंमत अशी की जुना नट परत वापरणारा माणूस फळाबाबत उदासीन मुळीच नसतो. फळाची घाई झालेली असते म्हणूनच तो परिणामांकडे डोळेझाक करतो. आसक्ती आणि बेफिकिरी एकाच हाताने पाना धरतात.

आधुनिक काळातल्या भाष्यकारांनी हे ओळखलं होतं. ‘अनासक्तियोगा’च्या प्रस्तावनेत गांधीजींनी बजावलं आहे की फलत्याग म्हणजे परिणामाविषयी बेपर्वाई नव्हे, अपेक्षित परिणाम, त्याची साधनं आणि आपली कुवत यांचं ज्ञान हवंच. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत बाहेरच्या कर्माला मनाची जी जोड लागते तिला विनोबा ‘विकर्म’ म्हणतात. पंडितांना हा अर्थ ओढूनताणून आणलेला वाटू शकतो. हब बसवणाऱ्याला वाटणार नाही. नकलच्या आतला गंज तारेच्या ब्रशने नीट घासला नाही तर नवा हब तिरका बसतो, आणि बोल्ट आवळल्यावर ते दिसतही नाही. तिथे बोल्ट फिरवणं हे कर्म, आणि कुणी बघत नसताना ब्रश आणखी थोडा वेळ चालवणं हे विकर्म.

मग दैवाचं काय? त्याच अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणं दिली आहेत: जागा, करणारा, साधनं, हालचाली, आणि पाचवं दैव. हा क्रम मेकॅनिकला मान्य होण्यासारखा आहे. आधी सपाट, कठीण जमीन आणि नुसता जॅक न वापरता त्याच्या जोडीला भक्कम घोडी (जॅक स्टँड). मग आपली कुवत. मग टॉर्क रेंच, कारण किती आवळायचं हे मॉडेलनुसार बदलतं आणि ते गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत मिळतं. मग कामाचा क्रम: फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत अ‍ॅक्सल नट पूर्ण आवळल्याशिवाय चाकावर भार येऊ द्यायचा नाही, नाहीतर नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी दुखावतं. एवढं झाल्यावर रस्त्यातला खड्डा किंवा कारखान्यातली चूक यांना दैव म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे मात्र पाचव्याला पहिल्या पाटावर बसवायची सवय आहे.

तामस कर्माच्या लक्षणांत स्वतःच्या कुवतीचा विचार न करणं आहे, हे विसरलं जातं. ज्याला घोडी कुठे लावायची कळत नाही, त्याने गाडी टो करून गॅरेजला पाठवली तर त्यात कमीपणा नाही. त्या दिवशी त्याचं सात्त्विक कर्म तेच. आणि ज्याने घरीच हब बदलला, त्याचं काम चाक बसवून संपत नाही. साधारण 80 ते 160 किलोमीटर गाडी चालली की चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासावे लागतात.