शिक्षा संपते केव्हा?

तुरुंगाचा दरवाजा उघडला की शिक्षा संपली, असे कायदा मानतो. समाजाने तसे मानावे काय? अमेरिकेतील जॉन वॉकर लिंड याच्या निमित्ताने हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कॅलिफोर्नियात वाढलेल्या या मुलाने सोळाव्या वर्षी इस्लाम धर्म स्वीकारला. अरबी शिकावयास तो येमेनला गेला, पुढे पाकिस्तानातील मदरशात, आणि २००१ साली अफगाणिस्तानात जाऊन तालिबानच्या फौजेत सामील झाला. त्याच नोव्हेंबरात मजार-ए-शरीफजवळच्या किल्ल्यात तो कैदी असताना सी.आय.ए.चे अधिकारी माईक स्पॅन यांनी त्याला प्रश्न विचारले. तो गप्प राहिला. थोड्याच वेळात कैद्यांनी बंड केले व स्पॅन मारले गेले. त्या युद्धात लढताना पडलेले ते पहिले अमेरिकन. लिंडने त्यांना मारले असे शाबीत झालेले नाही. पण तो बोलला असता तर?

२००२ साली त्याने गुन्हा कबूल केला, तालिबानला सामील होण्यात आपली चूक झाली असे कोर्टात सांगितले आणि २० वर्षांची सजा घेतली. चांगल्या वर्तणुकीची सूट मिळून २३ मे २०१९ रोजी तो सुटला. पुढची तीन वर्षे देखरेख होती, पासपोर्ट नव्हता, इंटरनेटवरचे बोलणे इंग्रजीतच करावयाचे होते. (आपल्या मुलांशी मराठीत बोलू नका असे कोणी आपणांस सांगितले तर कसे वाटेल, हे मनात आल्यावाचून राहिले नाही.) त्याचे विचार बदललेले नाहीत, असे सरकारी अहवालाच्या आधारे २०१७ सालीच छापून आले होते. स्पॅन यांच्या आईवडिलांनी सुटकेला विरोध केला.

आता आपला धर्म पाहू. फटके खाऊन झाले की गुन्हेगार पुन्हा आपला भाऊ, असे तोरा मानते. तशुवा खरी कधी, तर तोच मोह पुन्हा समोर यावा आणि माणसाने तो टाळावा, असे रंबम सांगतात. येथेच पेच आहे. ज्याला पासपोर्टच नव्हता त्याची कसोटी लागणार कशी? आणि ती लागावी म्हणून त्याला मोकळे सोडा, असे कोणते सरकार म्हणेल? आम्ही तरी म्हणणार नाही. तेव्हा मन बदलले की नाही हे राज्याला कधीच कळणार नाही. ते कळेपर्यंत कोंडून ठेवायचे म्हटले तर प्रत्येक सजा जन्मठेप होईल. सुटका झाली ती रास्तच झाली. त्याला काम द्यावे, राहावयास जागा द्यावी, येता-जाता टोमणे मारू नयेत.

मात्र सुटका म्हणजे क्षमा नव्हे. माणसाने माणसाचे केलेले पाप दारफाळणीच्या उपासानेही फिटत नाही, आधी त्या माणसाची समजूत घालावी लागते. येथे तो माणूसच राहिला नाही. त्याच्या आईबापांना ‘आता विसरा’ म्हणण्याचा हक्क ना कोर्टाला, ना शेजाऱ्यांना.

मिश्नातील मक्कोत भागात आश्रयनगरीचा नियम आहे. नकळत खून झालेल्या माणसाचा तेथील लोक मान करू लागले, तर ‘मी खुनी आहे’ असे त्याने स्वतः सांगावे. तरीही लोकांनी आग्रह धरला तर मान घ्यावा. लिंड तर समजून-उमजून गेला होता. तरी हा नियम आम्हांला त्याच्याबाबत लागू वाटतो. बोलावयाचे ते त्याने. शेजाऱ्यांनी रोज उठून त्याला आठवण करून देऊ नये, पण तो बोलला तर बसून ऐकावे. आणि स्पॅन यांच्या घरच्यांना ते ऐकावयाचे नसेल, तर त्यांनी दार लावून घ्यावे. त्यात त्यांचा काही दोष नाही.