डाख आणि हिसडा

विश्वासू माणसाला पारखून पाहावे का? सज्जन म्हणतात, छे, अपमान आहे तो! पण या सज्जनांनी खेळातल्या विमानाला डाख दिलेला नसतो. मी हल्ली तेच शिकतोय. सर्व्होपासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या पोलादी तारेच्या टोकाला पितळी जोड डाखाने बसवायचा. ६० भाग कथील, ४० भाग शिसे. १९० अंश सेल्सिअसला पुरते पाणी! गंमत म्हणजे तापवायची असते तार, डाख नव्हे. तार गार राहिली, की डाख तिच्यावर नुसता बसतो, लग्नातल्या दूरच्या पाहुण्यासारखा. तार आधी घासायची, मग फ्लक्स. कल्हईवाला नवसागर टाकायचा तो काही हौसेने नव्हे!

शेवटी जोडाला पकडीने सणसणीत हिसडा द्यायचा. हा अविश्वास झाला का? मला नाही वाटत. जोड आभाळात सुटला, तर विमान मैदानातल्या कुणाच्या तरी पोराच्या डोक्यावर यायचे. हिसडा त्या पोरासाठी असतो. ज्याच्या चुकीची किंमत तिसराच मोजणार, त्याला पारखलेच पाहिजे. मग तो जोड असो की जावई! जिथे नुकसान फक्त आपलेच, तिथे मात्र खुशाल डोळे मिटावेत. मित्र त्यासाठीच असतात.