असल, नक्कल आणि नियत

आमच्या शाळेतून दहावी झालेला एक मुलगा आता पुण्यात रेकॉर्डिंगच्या धंद्यात आहे. गिटार वाजवतो. ईदला सिरसाळ्यात आला की भेटायला येतो. मागच्या ईदला शीरखुर्म्याची वाटी हातात धरून त्याने एक गोष्ट सांगितली आणि विचारले, "सर, इसमें झूट किधर है?" विचारणाराच बेचैन दिसला, म्हणून मी लगेच उत्तर दिले नाही.

गोष्ट अशी. इलेक्ट्रिक गिटारचा स्वतःचा आवाज फार थोडा. तो खरा घडतो अॅम्प्लिफायरमध्ये आणि त्याच्या स्पीकरमध्ये. पूर्वी स्टुडिओत तो जड पेटारा ठेवून, त्याच्यासमोर माइक लावून रेकॉर्डिंग होई. याने वायर सरळ कॉम्प्युटरला जोडली. अॅम्प्लिफायर होता तो सॉफ्टवेअरमध्ये. पडद्यावर त्याचे चित्र, बटणे, बटणांभोवतीचे आकडेसुद्धा. काम पसंत पडले. काम देणाऱ्याने विचारले, "कोणता अॅम्प वापरलास?" याने एका जुन्या विलायती अॅम्पचे नाव सांगितले आणि वर म्हणाला, माझ्याकडे आहे.

हे तंत्र काही कालचे नाही. 'लाइन सिक्स' या अमेरिकन कंपनीने १९९८ मध्ये असे सॉफ्टवेअर बाजारात आणले. जुन्या अॅम्पमधले व्हॉल्व्ह आवाजाला कसे वळण देतात, याचे गणित मांडायचे. स्पीकरच्या पेटीचा एका क्षणिक आवाजाला मिळणारा प्रतिसाद मोजून ठेवायचा. आणि त्याचा ठसा कोऱ्या गिटारवर उमटवायचा. आज मोठमोठ्या गाण्यांत ते वापरले जाते आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही.

मग ही नक्कल म्हणून वाईट का? जरा थांबावे लागते, कारण ज्याला आपण असल म्हणतो तेच मुळात बिघाडातून आले आहे. अॅम्पवर जास्त भार पडला की आवाज फाटतो. इंजिनियर त्याला दोष म्हणत. वादकांना तो फाटका आवाजच आवडला. इंग्लंडच्या 'किंक्स' या गटातल्या डेव्ह डेव्हिसने तर १९६४ च्या सुमारास स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला आणि त्यातून निघालेला आवाज जगभर गाजला. चिरलेल्या पडद्याची नक्कल गणिताने केली, तर असल कोणती बिघडली?

संगीत जायज की नाजायज, हा वाद मी इथे उघडत नाही. तो उलेमांचा आहे. पण खोटे बोलण्याबद्दल कुठल्याच मसलकमध्ये दुमत नाही. मदिनेच्या बाजारातला प्रसंग आपण सगळ्यांनी जुम्म्याच्या बयानात ऐकला आहे. हुजूर (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस पडला होता. यावर आपण (स.) विचारले, की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? मला यात नेहमी एक बारकावा दिसतो. पाऊस पडणे हा गुन्हा नव्हता. ओले धान्य विकू नको, असेही सांगितले नाही. ठपका आला तो लपवण्यावर.

आता गाण्याचा ढीग पाहा. त्याला आत-बाहेर नाहीच. कानाला आले तेवढेच गाणे. ऐकणाऱ्याने जे घेतले ते पूर्ण घेतले. खाली ओल नाही. म्हणून सॉफ्टवेअर वापरण्यात मला फसवणूक दिसत नाही. ती येते शब्दातून. अॅम्पचे, हॉलचे, चार तासांच्या मेहनतीचे पैसे मोजून घेतले आणि काम पडद्यावर उरकले, तर ते ओले धान्यच.

मिरजेची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांची कारागिरी सुरू झाली. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इलेक्ट्रॉनिक तानपुरा मात्र १९८० च्या आसपासच आला होता, आणि आता तो मोबाइलमध्येही आहे. गवयाशेजारी ती पेटी उघड ठेवलेली असते, म्हणून तिथे खोटेपणाचा प्रश्न नाही. प्रश्न भोपळा कोरणाऱ्या हाताच्या रोजीचा आहे, आणि तो सचोटीने सुटत नाही. खरे बोलूनही कारागिराचे काम जाऊ शकते. या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो. रोजीचे दुःख असते आणि भांडतो मात्र असल-नकलेवर.

आपल्या घरातही पाहावे. जलशाच्या माइकला 'इको' लावतात. उघड्या मैदानात घुमटाखाली उभे असल्याचा भास होतो. कुणाची तक्रार नाही, कारण मैदान सगळ्यांना दिसते. पण वाद्य नको म्हणून नातमध्ये आवाजाचाच ठेका करतात, जिक्र यंत्रातून काढून तबल्यासारखा वाजवतात. काही उलेमांनी याला हरकत घेतली ती मला रास्त वाटते. वाद्य टाळल्याचे समाधानही हवे आणि वाद्याची मजाही हवी.

हे सगळे त्या मुलाला सांगायचे होते. पण आमच्याच शाळेचे स्नेहसंमेलन आठवले. आठवीच्या मुलांनी नात पढली. मागे दफ वाजत होता तो माझ्या मोबाइलमधून. मुलांच्या हातात पुठ्ठ्याचे दफ होते, तेही मीच करून घेतलेले. पाहुणे उठून म्हणाले, दफ वाजवणाऱ्या मुलांना माझ्यातर्फे पाचशे रुपये. मुलांनी माझ्याकडे पाहिले. माइक माझ्या हातात होता. मी म्हणालो, "शुक्रिया."

त्या पैशांची मुलांना बिस्किटे वाटली. पुण्याला अजून फोन केलेला नाही.