मधली पिढी नसलेलं शहर

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "आयर्विनला पाणी किती?" 1929 सालच्या या पुलाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. 40 म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. शाळकरी पोरांनाही हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. आकडा चढू लागला की नदीकाठच्या गावभागात शेजाऱ्याचं धान्य, कपडे, पुस्तकं माडीवर चढवायला कुणाला बोलवावं लागत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा घरात अडकलेल्या म्हाताऱ्या माणसांची पहिली चौकशी शेजाऱ्यांनी केली. मुलं पुण्या-मुंबईत, फोनला कान लावून बसलेली.

या शहराचं बळ आणि दुखणं मला त्या एकाच चित्रात दिसतं.

पोर वाढवावं तर अशाच गावात. शाळा सायकलच्या अंतरावर, संध्याकाळी आमराई नाहीतर घाट, आजी-आजोबा घरातच किंवा पुढच्या गल्लीत. दाराला कुलूप दिसलं तर रिक्षावाले काका पोराला शेजारी बसवून जातात आणि शेजारच्या काकू त्याला भडंग देऊन गप्प करतात. पुण्यात गेल्यावर याच गोष्टींचे पाळणाघराला, स्कूलबसला, शिकवणीला महिन्याच्या महिन्याला पैसे मोजावे लागतात.

सगळ्यांची सगळ्यांशी असलेली ही ओळख जाचतेही, आणि मुलींना जास्त. घाटावर कुणाशी बोलत उभी होती, हे ती घरी पोहोचायच्या आत घरी पोहोचलेलं असतं. सहा वर्षांच्या पोरीला जपणारे डोळेच विसाव्या वर्षी तिची वाट अडवतात. याला संस्कार म्हणणं मला मान्य नाही. गाव सोडणाऱ्या कित्येकींना नोकरीइतकीच ही मोकळीक हवी असते.

तरी मूळ कारण कामाचंच. 1919 पासून विलिंग्डन महाविद्यालय, 1947 पासून वालचंद अभियांत्रिकी. शिकवण्यात सांगली कमी पडलेली नाही. हळदीच्या बाजारपेठेचं नाव देशभर आहे. पण इथे इंजिनिअर झालेल्या मुलाला त्याच्या शिक्षणाजोगी नोकरी गावात सहसा मिळत नाही. तो पुण्याजवळ हिंजवडीत खोली शोधतो. 'कुटुंबासाठी चांगलं शहर' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे लहान मुलं असतात आणि पेन्शनर असतात. मधल्या, कमावत्या माणसांना आपण त्यात धरतच नाही. ज्या गावात आई-बापांना पोटापाण्यासाठी राहता येत नाही, ते अर्ध्याच कुटुंबाचं गाव. घाट आणि बागा सजवायला माझी ना नाही, पण आधी इथे चांगल्या पगाराची कामं आणा.

दिवाळीत गावभागातली घरं भरतात. भाऊबीज झाली की पुण्याच्या गाडीला जागा मिळत नाही.