विरळणी

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं, की शहर सुटता सुटता नांदगाव पेठ येतं. एकीकडे एमआयडीसी, कापडाचे कारखाने, औष्णिक वीज प्रकल्प. दुसरीकडे जुनं गाव आणि कपाशी-तुरीची वावरं. ह्याच रस्त्यानं पुढे मोझरी, तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज. महाराज १९६८ साली गेले, पण त्यांची खंजिरी ह्या मुलखाच्या कानातून गेली नाही. अशा गावात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा पोरगा एकच होता, आणि ही गोष्ट त्याची.

पोरगा कारखान्यात पाळीवर जायचा. दोन वर्षं पैसे साठवून त्यानं पुण्याहून एक जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणला. १५ वॉटचा, पुढे ईसीसी ८३चे तीन व्हॉल्व्ह, मागे ईएल ८४ची जोडी. आवाज वाढवला की तो फाटायचा, आणि पोराला तेच हवं होतं. आई म्हणायची, "भोंगा बिघडला का रे तुहा?"

आईचं काही चुकत नव्हतं. आपल्याकडे फाटक्या आवाजाला बिघाडच म्हणतात. पण मिरजेचा तंबोरेवाला घोडी घासून जवारी काढतो, तेव्हा तोही तारेच्या स्वच्छ आवाजात मुद्दाम झणकार मिसळत असतो. व्हॉल्व्ह तेच करतो, जरा दांडगाईनं. त्याच्या आवाक्याबाहेरचा सिग्नल आला की लाटेचे शेंडे छाटले जातात, आणि त्या छाटणीतून मूळ सुराच्या अंगावर नवे स्वर फुटतात.

पोराला ते फुटणं आणखी हवं होतं. १९६४ साली किंक्स ह्या बँडच्या डेव्ह डेव्हिसनं छोट्या अँप्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं चिरला आणि त्या चिरक्या आवाजावर गाणं गाजलं, हे त्यानं वाचलं होतं. मग काय! एका रविवारी त्यानं डबा उघडला. एका टप्प्यातून दुसऱ्यात सिग्नल नेणारे कपॅसिटर मोठे घातले. सिग्नल कमी करणारा एक रेझिस्टर तारेनं जोडून बाद केला. रिकामा पडलेला अर्धा व्हॉल्व्ह एक जादा टप्पा म्हणून जोडला. मागून पुढे येणारी फीडबॅकची तार कापली. निघालेले भाग कचऱ्यात गेले. संध्याकाळी बटण दाबलं, तर गिटारला हात लावण्याआधीच डबा शिट्टी मारू लागला. तार छेडली की जाड आवाजाचा नुसता चिखल. कुठला पडदा दाबलाय ते त्याचं त्यालाच ऐकू येईना.

पेठेत एक रेडिओकाका होते. पोट भरायचं मोटारपंपाच्या स्टार्टरवर आणि मिक्सरवर, पण जीव अडकलेला व्हॉल्व्हमध्ये. भजनी मंडळाचा जुना अँप्लिफायर त्यांनीच जिवंत ठेवलेला. पोरानं डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि लगेच आत बोट घालून दाखवू लागला. काकांनी त्याच्या मनगटावर चापट मारली.

"हात काढ! पिन काढली म्हंजे संपलं असं नसते बापू. आत तीनशे व्होल्टच्या वर साठून राह्यते."

त्यांनी एक हात खिशात घातला. दुसऱ्या हातानं, प्लास्टिकच्या नळीत बसवलेला रेझिस्टर मोठ्या कंडेन्सरला लावून धरला, मग मीटर लावून काटा शून्यावर आलेला पाहिला. (काका कपॅसिटरला कंडेन्सरच म्हणत, जुनी माणसं म्हणतात.) एक हात खिशात का, हेही सांगितलं: दोन्ही हात आत असले, तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातानं बाहेर पडते.

"आता सांग, काय काय बदललं?"

पोरगा सांगू लागला आणि तिसऱ्या बदलापाशी अडखळला. आधी तिथं कितीचा कंडेन्सर होता?

"लिहून ठेवलं होतं?"

"नाई काका."

"अन् एकाच दिवशी सगळं केलं?"

"हो."

"मंग शिट्टी कशानं आली, थे तुले कसं समजन?"

काका रागावले नाहीत. त्यांनी पाठकोरी वही काढली, आणि दोन संध्याकाळ नुसतं पाठीमागे चालणं चाललं. एक भाग पूर्ववत करायचा, डबा लावायचा, ऐकायचं, लिहायचं. जादा टप्पा काढला, शिट्टी गेली. फीडबॅकची तार जोडली, भणभण कमी झाली. कपॅसिटर अंदाजानं मूळ मापाचे घातले, चिखल थोडा पातळ झाला. तारेनं बाद केलेल्या रेझिस्टरपाशी मात्र काका थांबले. ती तार काढली, लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली.

"हे तुहं बरोबर हाय. हे राहू दे."

पोराचा चेहरा खुलला. पण आवाज अजून गढूळच होता. काकांनी विचारलं, "जुलैमधी तुही माय वावरात काय करते?"

"निंदण... विरळणी."

"एका जागी दोन बिया टोबल्या, दोन्ही उगवल्या. मंग चांगलं वाढलेलं एक झाड काऊन उपटते?"

पोरगा गप्प बसला. त्यानं लहानपणी आईला हेच विचारलं होतं.

काकांनी पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडला लावलेला २२ मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर दाखवला. तो जाड, बारीक सगळ्याच आवाजांना सारखं खतपाणी देतो. पण गिटारच्या जाड तारांची लाट सगळ्यांत मोठी. ती पुढच्या टप्प्यांत आधी छताला टेकते आणि बारीक सुरांनाही आपल्यासोबत चेंगरते. शिवाय दोन सूर एका वेळी छाटले गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे भलतेच सूर जन्माला येतात, आणि जाड सुरांपासून निघालेले सगळ्यांत ओंगळ वाटतात. म्हणून फाटण्याआधीच जाडपण काढायचं. फाटून झाल्यावर टोनचं बटण कितीही फिरवा, चेंगरलेलं परत उठत नाही.

काकांनी तो कंडेन्सर काढून ०.६८चा लावला. डाग थंड होईपर्यंत फुंकर मारली आणि म्हणाले, "वाजव."

पोरानं वाजवलं. तोंड पडलं.

"काका, हे तर बारीक झालं. दम नाई राह्यला."

खरं होतं. बंद खोलीत एकट्यानं वाजवणाऱ्याला जाड आवाजच भरघोस वाटतो. ह्या मोहात भलेभले फसतात. काकांनी वाद घातला नाही. संध्याकाळी डबा भजनी मंडळाच्या खोलीत नेला. तिथं ढोलकी होती, पेटी होती, काकांच्या हातात खंजिरी होती. ढोलकीनं खोलीचं जाडपण आधीच व्यापलेलं. पोरानं तार छेडली आणि गिटार त्या सगळ्यातून करवतीसारखी वर आली. एकेक सूर वेगळा, फाटलेला, तरी ओळखू येणारा. ढोलकीवाल्यानं मान वर करून पाहिलं. पोरगा मघाचं सगळं विसरला आणि तासभर थांबला नाही.

दारात उभी असलेली आई म्हणाली, "आता बिघडल्यासारखा नाई वाटत."

परत दुकानात आल्यावर काकांनी काढलेला कंडेन्सर फेकला नाही. चिकटपट्टीनं तो डब्याच्या आतल्या भिंतीला लावला आणि खाली कागदाची चिठ्ठी: 'पहिला व्हॉल्व्ह, मूळचा, २२.' मग बिल लिहिलं. कंडेन्सरचे ५ रुपये. मजुरी काही नाही. वहीचे २० रुपये.