वाचणारा नसला तरी सांगणारा असतो

दरवर्षी सबमिशनचे दिवस जवळ आले की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर एक लिंक फिरू लागते. 'एमबीएचा प्रोजेक्ट आहे, प्लीज फॉर्म भरा, दोनच मिनिटं लागतील.' आपण लिंक उघडतो, 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत' या पाच गोलांपैकी बहुतेक वेळा मधल्यावर पटापट टिचक्या मारतो आणि मैत्रीला जागतो. त्या टिचक्यांमधून पुढे ऐंशी पानांचं डेझर्टेशन उभं राहतं. काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं उमटतात, गाइडची सही होते, व्हायवा होते आणि ती प्रत कपाटात जाते. तिथून ती सहसा बाहेर येत नाही.

मग प्रश्न पडतो : जे कुणी वाचणारच नाही, ते खरं तरी का लिहायचं?

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आजूबाजूला नोकरी सांभाळून एमबीए करणारे बरेच आहेत. दिवसभर मीटिंगा, रात्री सपोर्टचे कॉल, महिन्याच्या पाच तारखेला हप्ता, रविवारी क्लास. 'सगळेच असं करतात, आणि यात कुणाचं काय बिघडतं?' असं त्यांच्यापैकी कुणी विचारलं तर प्रवचनाने उत्तर देता येत नाही. डेझर्टेशन खोटं निघालं म्हणून पूल कोसळत नाही की सर्व्हर बंद पडत नाही.

आधी 'असं' म्हणजे कसं, ते पाहू. धडधडीत खोटे आकडे सगळेच टाकत नाहीत. जास्त चालतो तो उलटा क्रम. फॉर्ममध्ये पंचवीस प्रश्न घालायचे. आलेली उत्तरं वय, लिंग, उत्पन्न यांच्याशी ताडून पाहायची. जिथे पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली दिसेल, तिथे थांबायचं. मग पहिल्या प्रकरणात परत जाऊन लिहायचं, की आमचं गृहीतक सुरुवातीपासून हेच होतं. नॉर्बर्ट कर या मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये या प्रकाराला 'हार्किंग' असं नाव दिलं : निकाल कळल्यावर गृहीतक मांडणं.

यात चूक काय, ते साध्या गणितातून दिसतं. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या गोष्टींच्या २० स्वतंत्र तुलना केल्या, तर त्यांतली किमान एक केवळ योगायोगाने 'सिग्निफिकंट' ठरण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. म्हणजे काहीच नसलं तरी काहीतरी सापडतंच. आमच्या धंद्यात सांगायचं, तर प्रोग्रामने काय छापलं ते पाहून मग टेस्ट लिहायची. टेस्ट हिरवी होणारच. पण त्या हिरव्या रंगावर विसंबून कोड लाइव्ह करायची हिंमत कोण करेल?

वाचणारे असते तर हे थांबलं असतं, असं वाटणं साहजिक आहे. पण तसं होतंच असं नाही. २०१२ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांमध्ये नामवंत बिझनेस स्कूलचे प्राध्यापक होते आणि विषय होता प्रामाणिकपणा. माहितीच्या खरेपणाची सही फॉर्मच्या शेवटी घेण्याऐवजी सुरुवातीलाच घेतली, तर लोक खरं लिहितात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातला एक प्रयोग विमा उतरवलेल्या गाड्या किती मैल धावल्या, या आकड्यांवर उभा होता. २०२१ मध्ये 'डेटा कोलाडा' या ब्लॉगने ते आकडे उलगडून दाखवले. खऱ्या आयुष्यात खूप कमी किंवा खूप जास्त फिरणाऱ्या गाड्या थोड्या असतात, मधल्या जास्त. इथे मात्र शून्य ते ५०,००० मैलांपर्यंत गाड्या जवळपास सारख्या वाटून दिल्यासारख्या पसरल्या होत्या आणि पुढे एकदम कुणीच नव्हतं. निबंध त्याच वर्षी मागे घेण्यात आला. नऊ वर्षं तो जगभर वाचला गेला होता. म्हणजे वाचक असणं ही खरेपणाची हमी नाही. आणि तसं असेल, तर वाचक नसणं ही खोटेपणाची सबबही होऊ शकत नाही.

मग डेझर्टेशनमध्ये आपण नक्की कुणाला बांधील असतो? माझ्या मते, ज्याने उत्तर दिलं त्याला.

हिशोब करून बघा. साठ जणांनी प्रत्येकी दहा मिनिटं दिली, तर दहा तास होतात. ते त्यांनी तुम्हाला उसने दिले. त्यात गिऱ्हाइकाला साखर तोलून देता देता तुमच्याशी बोललेला दुकानदार असेल, शिफ्ट संपल्यावर थांबलेली नर्स असेल. त्यांनी सांगितलं एक आणि आपण छापलं आपल्याला सोयीचं दुसरं, तर नुकसान झालंच. फक्त ते ज्याचं झालं, त्याला कळत नाही इतकंच.

हे मान्य केलं की डेझर्टेशनचं नियोजन म्हणजे नुसतं वेळापत्रक राहत नाही, तो आधी दिलेला शब्द होतो. औषधांच्या चाचण्यांबाबत आपल्याकडे २००९ पासून तसा नियमच आहे : पहिला रुग्ण घेण्याआधी चाचणीची सरकारी नोंदवहीत नोंद करायची. काय मोजणार हे त्या नोंदीतच सांगावं लागतं. विद्यार्थ्याला एवढं अवडंबर नको. एक पान पुरे. प्रश्न काय, कुणाला विचारणार, कोणतं उत्तर आलं तर माझं म्हणणं चुकलं असं मी मानेन आणि या माहितीवरून कोणता दावा मी करू शकणार नाही. तारीख घालून ते पान गाइडला मेल करायचं आणि मगच फॉर्म पाठवायचा.

गंमत म्हणजे यामुळे काम वाढत नाही, आटोपशीर होतं. 'यूपीआयमुळे भारतातल्या किराणा व्यवसायात झालेली वाढ' हा विषय मित्रांनी भरलेल्या शंभर फॉर्मांवर पेलणारा नाही. तिथे खोटं बोलण्याची वेळ शीर्षकापासूनच येते. त्याऐवजी, 'काउंटरवर क्यूआर कोड असूनही आपल्या पेठेतले बारा दुकानदार उधारीची वही का ठेवतात?' हा प्रश्न घ्या. दोन शनिवार-रविवार फिरून त्याचं खरं उत्तर मिळू शकतं. कुणी म्हणेल, वही आहे म्हणून गिऱ्हाईक टिकतं. कुणी म्हणेल, वही कधीच बंद केली, तुमचा प्रश्नच चुकला. हे दुसरं उत्तरही तितकंच कामाचं, फक्त ते लिहायची तयारी हवी.

ती तयारी विद्यार्थी असतानाच परवडते. नंतर ऑफिसात प्रत्येक आकड्यामागे कुणाचं तरी बजेट असतं, कुणाचं तरी प्रमोशन. 'हे चाललं नाही' असं लिहिण्याची सवय तिथे अचानक लागत नाही.

शेवटचं प्रकरण लिहून झालं की एक चाचणी घ्या. निष्कर्षाचे चार परिच्छेद साध्या मराठीत करा आणि त्या दुकानदाराच्या काउंटरशी उभं राहून त्याला वाचून दाखवा. तो 'हो, असंच सांगितलं होतं मी' म्हणाला, तर बाइंडिंगला टाका.