मृदंग आणि डफडे

शेगावच्या श्रीगजानन महाराज संस्थानाकडून खेडोपाडीच्या भजनी मंडळांस वीणा, टाळ व मृदंग दिले जातात, ही गोष्ट बुलढाणा जिल्ह्यात सर्वश्रुत आहे. आषाढीसाठी पंढरपुरास सुमारे महिनाभर पायी चालणारी तेथील दिंडी ज्यांनी पाहिली, त्यांस सामुदायिक वादनाने मनास काय लाभते हे निराळे सांगावयास नको. शेकडो पावले एका ठेक्यावर पडू लागली म्हणजे शीण जाणवेनासा होतो, शेजारी परका राहत नाही, आणि अक्षरओळख नसलेल्यासही ताल कळतो.

मग असले वादन शाळेतून सर्वांस शिकवावे, असे कोणी म्हटल्यास त्यात वाद कसला? वाद आहे तो वाद्याविषयी. ज्या गावात मृदंग देवळात मानाने ठेवतात, त्याच गावात डफडे वेशीबाहेर राहिले. चामडे दोहोंसही लागते. मृदंगाच्या एका मुखावर शाई, दुसऱ्यावर कणीक. डफड्यास केवळ विस्तवाची ऊब पुरते. परंतु वरातीपासून प्रेतयात्रेपर्यंत ते वाजविण्याचे काम गावगाड्याने अस्पृश्य गणलेल्या जातींच्या, विशेषतः मातंगांच्या, माथी मारले आणि पसाभर धान्यावर त्यांची बोळवण केली. पुढे डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत ज्यांनी गावकीची हीन कामे सोडली, त्यांपैकी पुष्कळांनी डफडेही खाली ठेवले. ते योग्यच झाले. आता आमच्यासारखे सुशिक्षित लोक ‘लोककला लोपत चालली’ म्हणून हळहळतात. ज्यांच्या पाठीवर तिचे ओझे होते त्यांनीच ते पुढेही वाहावे, असा ह्या हळहळीचा गर्भितार्थ नव्हे काय?

वाद्य आणि जन्म ह्यांची सांगड सर्वत्र अशीच असते असे नाही. पश्चिम आफ्रिकेतील मांदे लोकांत वंशावळी गाण्याचे काम ठराविक घराण्यांकडे चालत आले. परंतु हाताने वाजविला जाणारा त्यांचा जेंबे नावाचा ढोल शिकण्यास कुळाची अट नाही. म्हणूनच की काय, तो आज दूरदेशींच्या शाळांतूनही शिकविला जातो.

तेव्हा आमचे म्हणणे असे की, डफडे शिकवावयाचेच तर पाटला-देशमुखांच्या आणि वाण्या-ब्राह्मणांच्या मुलांनी ते प्रथम गळ्यात अडकवावे. शिकविणारा मातंग वादक असेल तर त्यास ‘गुरुजी’ म्हणावे व इतर शिक्षकांइतकेच वेतन द्यावे. आणि त्याच्या स्वतःच्या मुलाने त्या वर्गात यावयाचे नाकारले, तर त्यास कारण विचारू नये.